पक्क्या रंगाचं कोळम

मैलापूरच्या तोट्टक्कार गल्लीला 'वारसा गल्ली' असा मान मिळाला, त्या दिवशी विजयलक्ष्मीबाईंनी कपाटातली अंजिरी रेशमी साडी काढली होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं सगळं वाचून वाटायचं, की या बाईला जन्मापासून कशाचं म्हणून कौतुक नाही. तसं मुळीच नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी नादस्वरम वाजत होतं, कुणी मोठे पाहुणे फीत कापत होते, आणि जिथे यायचं म्हटलं की रिक्षावाला कपाळाला आठ्या घालतो, त्या गल्लीचं नाव पितळी अक्षरांत चकाकत होतं. बाईंना बरं वाटलं. खोटं कशाला बोला? पण ते बरं वाटणं पंधरा दिवसांत पार उतरलं, आणि त्याला कारण बाई नव्हत्या.

विजयलक्ष्मीबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. घराणं तंजावरकडचं मराठी. पूर्वज कधीकाळी तिकडे गेले आणि तिथलेच झाले. घरात अजून जी मराठी बोलतात ती पुण्याच्या माणसाला ऐकून गंमत वाटते आणि तमिळ माणसाला अजिबात कळत नाही, म्हणजे भांडायला उत्तम. नवरा राघोत्तमराव गिंडीच्या एका छोट्या कारखान्यात फोरमन होते. ते जाऊन सात वर्षं होत आली होती. एकुलता एक मुलगा शेषाद्री शहराच्या दुसऱ्या टोकाला, पेरुंगुडीला संगणकाच्या कंपनीत, राहायलाही तिकडेच. रविवारी यायचा, जेवायचा, फोनवर बोलत जिना उतरायचा.

गल्लीचं नशीब उजळलं ते दोन हजार सातच्या डिसेंबरात. शहराच्या जुन्या वस्त्यांना नवं रूप द्यायचं अशी एक समिती निघाली. समितीत सगळे शिकलेले, उत्साही, आणि एकजात दुसरीकडे राहणारे. त्यांनी पहिल्यांदा कोपऱ्यावरची कचराकुंडी उचलली, कारण ती फोटोत येत होती. कुंडी गेली पण कचरा काही वारसा बघून थांबत नाही. तो बाईंच्या भिंतीला टेकून बसायला लागला. मग पाण्याची काळी टाकी झावळ्यांच्या चटईने झाकली. टाकी दिसायला देखणी झाली आणि नळाखाली घागर धरायची तर आधी झावळ्यांत हात घालून नळ चाचपडावा लागे. 'रोगापेक्षा औषध भयंकर' असं बाई पहिल्यांदा म्हणाल्या ते तिथे.

समितीचा गल्लीतला माणूस म्हणजे समोरच्या घरातले राममूर्ती मामा. निवृत्त शाळामास्तर, रहिवासी संघाचे अध्यक्ष, आणि आयुष्यभर कुणी न ऐकलेल्या भाषणांचा साठा पोटात घेऊन जगलेले. आता त्यांचं ऐकायला वर्तमानपत्रवाले येत होते. मामा सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून पितळी फलकाखाली उभे. "विजया, उत्तम वारसा गल्लीचं पारितोषिक आपल्यालाच मिळणार, बघ तू," असं ते दिवसातून चारदा म्हणत. बोलणं अर्थातच तमिळमधून.

इथवर बाईंनी सोसलं. कुरकुरत का होईना, सोसलं. पण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रंगाचे डबे आले.

कुणा रंगाच्या कंपनीने फुकट रंग देऊ केला होता. फुकटचं म्हटल्यावर समितीला सुचलं, की प्रत्येक दारापुढे एक पारंपरिक कोळम रंगवून टाकावं. कोळम म्हणजे इकडची रांगोळी, तांदळाच्या पिठीची. ठिपके मांडायचे आणि त्यांच्याभोवती एकच रेघ वळवत वळवत न्यायची. रोज पहाटे घालायचं, दिवसभर मुंग्यांनी खायचं, पायांनी विस्कटायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा नवं. समितीने म्हटलं, एवढी सुंदर कला रोज पुसली जाते, केवढं नुकसान! म्हणून पक्क्या ऑइलपेंटने, पाच वर्षांच्या हमीसकट, गल्लीतल्या सगळ्या दारांत कायमची कोळमं काढली. बाई बँकेत गेल्या होत्या. परत येऊन बघतात तो उंबऱ्यापुढे पांढरीशुभ्र आठ पाकळ्यांची चित्रकला वाळत पडलेली, आणि भोवती सुतळी बांधलेली, बाईंनी आपल्याच घरात पाय टाकू नये म्हणून.

"हें काय करून ठेविलंय?" बाई सुतळी ओलांडत मराठीतच ओरडल्या.

आता ज्याला इकडचं माहीत नाही त्याला वाटेल, की एवढं काय? रांगोळीच तर आहे. तर ऐका. दारातलं कोळम म्हणजे घराची खुशाली. घरात कुणी गेलं, की आधी दारातलं कोळम पाण्याने धुऊन टाकतात. आणि दरवर्षीच्या श्राद्धाच्या दिवशी सकाळी कोळम घालत नाहीत. ब्राह्मण जेवले, पिंड झाले, कावळ्याला घास गेला, की मग घालायचं. तोवर दार मोकळं. येणारा-जाणारा ते मोकळं दार बघतो, आवाज खाली आणतो, दूधवाला घंटी न वाजवता पिशवी ठेवून जातो. कुणी कुणाला काही सांगावं लागत नाही. तोट्टक्कार गल्लीत तमिळ असो, तेलुगू असो की बाईंसारखे मराठी, एवढी एक लिपी सगळ्यांना वाचता यायची.

राघोत्तमराव गेले ते पौष शुद्ध पंचमीला. म्हणजे इकडचा मार्गळी महिना, ज्या महिन्यात बायका भल्या पहाटे उठून चढाओढीने दारभर कोळमं घालतात, मधोमध शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचतात. साऱ्या गल्लीत गालिचा पसरलेला, आणि त्यात एक दार मोकळं. वर्षातली ती एक सकाळ बाईंची होती. एरवी त्या कुणापाशी नवऱ्याचं नाव काढत नसत, फोटोपुढे डोळे पुसत नसत. त्या दिवशी दार मोकळं ठेवून त्या उंबऱ्याच्या आत बसत, आणि त्यांना वाटे, की आता अवघ्या गल्लीला कळलंय. यंदा पंचमी आली होती तेरा जानेवारीला, रविवारी. आणि त्याच रविवारी सकाळी समितीची पदयात्रा होती, परीक्षकांसकट.

बाई राममूर्ती मामांकडे गेल्या. मामा म्हणाले, "अगं, सगळ्या गल्लीत एकच दार बोडकं दिसलं तर परीक्षक काय म्हणतील? हसताना एक दात पडलेला दिसावा तसं दिसेल ते."

"माझा दात सात वर्षांपूर्वीच पडलाय, मामा."

मामा गडबडले, पण अध्यक्ष होते. "एक वर्षाचा तर प्रश्न आहे," म्हणाले. पाच वर्षांच्या हमीचं ते विसरले होते. मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि अलमेलूचे गुडघे बघ. रोज वाकून वाकून काय झालेत. आता तिला वाकायला नको. मला तर हायसं झालंय."

अलमेलू मामी, म्हणजे त्यांची बायको, दारातच उभी होती. दहाव्या वर्षापासून कोळम घालणारी बाई. तिची रेघ अशी, की सुरू कुठे झाली आणि संपली कुठे ते ब्रह्मदेवाला कळू नये. ती बाईंना पोचवायला पायरीपर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "पुसून टाक, विजया. यांना मी बघते. मला तरी आता पहाटे उठून काय करायचं ते कळत नाही."

पुसून टाक म्हणणं सोपं. बाईंनी रॉकेल ओतलं, काथ्याने घासलं, विटेच्या तुकड्याने खरवडलं. हात सोलवटले आणि कोळम अधिकच लखलखीत झालं. हमी खरी होती म्हणायची.

शेषाद्रीला फोन केला. तो म्हणाला, "अम्मा, तें पेंट. कोळम नव्हे. पीठ कुठे आहे त्यांत? टेक्निकली बघितलंस तर दार मोकळंच आहे की. तू कां इतकं टेन्शन करिंगतेस?"

"टेक्निकली तुझा बाप पण फोटोंत आहेच की! मग श्राद्ध कशाला करतोस?" म्हणून बाईंनी फोन आपटला.

भटजींना विचारलं. त्यांनी शास्त्र बघितल्यासारखा चेहरा केला आणि निकाल दिला, की मुंगी जे खात नाही ते कोळम नव्हे, तेव्हा दोष नाही. बाईंचा संताप झाला. म्हणजे कुणी अडवत होतं का? कुणी नाही! जो तो पळवाट काढून देत होता. मुलगा, भटजी, अध्यक्ष, सगळे म्हणत होते, की बाई, तुमचं दार रंगवलेलं असूनही मोकळंच आहे, आणि आम्ही तुम्हाला समजून घेतलं आहे. पालथ्या घड्यावर पाणी! दोष लागेल म्हणून कोण रडत होतं? गल्लीने वाचायचं काय, हा प्रश्न होता, आणि तो कुणाच्या डोक्यात शिरत नव्हता.

शनिवारी दुपारी समितीची एक मुलगी आली. अदिती नाव, नाशिकची, शेषाद्रीच्याच बाजूला कुठे नोकरीला. शनिवार-रविवार ही वारशाची हौस. मराठी घर आहे कळल्यावर तिला आकाश ठेंगणं झालं. "काकू, तुमची मराठी किती गोड! किती जुनी! थोडं बोला ना, रेकॉर्ड करते."

"काय बोलूं?"

"काहीही!"

"तर मग ऐक. दारांतलं तें रंगकाम कुणी करायला सांगितलं? मज पुसलं कां? उद्या माझ्या यजमानांचं श्राद्ध आहे आणि दारांत तुमचं लग्न लागल्यागत चित्र आहे. तें घेऊन जा. ती कचऱ्याची कुंडी तेवढी आणून दे."

अदितीने सगळं रेकॉर्ड केलं आणि म्हणाली, "वा, 'पुसलं' म्हणजे विचारलं! किती छान." बाईंनी तिला कॉफी दिली, कारण घरी आलेल्याला कॉफी द्यावी लागते, पण साखर हात आखडून घातली.

संध्याकाळी शेषाद्री मुक्कामाला आला. ताट वाढताना त्याला आईचे हात दिसले. बोटांची सालं निघालेली, कोपऱ्यात विटेचा लाल चुरा. "हें काय?" म्हणाला. बाईंनी हात पदराखाली घेतले. तो अर्धं जेवण टाकून उठला आणि बाहेर पडला. परत आला तो हातात थिनरचा डबा आणि तारेचा ब्रश घेऊन.

"बाबा असते तर त्यांनी हेंच आणलं असतं," एवढंच म्हणाला. कारखान्यातल्या माणसाचा मुलगा, त्याला हे आधी सुचायला काय झालं होतं, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं. पण त्यांनी ताट झाकून ठेवलं आणि ते शब्द गिळले.

रविवारी उजाडता उजाडता, आंघोळीच्या आधी, शेषाद्री जुनी लुंगी गुंडाळून उंबऱ्यापुढे बसला आणि घासायला लागला. रंग सुटत होता, पण सावकाश, पापुद्र्या-पापुद्र्याने. अर्धं कोळम निघालं असेल तोच गल्लीच्या तोंडाशी गलबला झाला. पदयात्रा वेळेआधीच आली होती. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, गळ्यात कॅमेरे. पुढे अदिती, बाजूला राममूर्ती मामा इस्त्रीच्या शर्टात. मामांनी शेषाद्रीला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

अदिती मात्र थांबली. तिला एवढं आठवलं, की आज या घरी श्राद्ध आहे. बाकीचं तिने आपल्या मनाने जुळवलं. मंडळींकडे वळून इंग्रजीत म्हणाली, की बघा, ही तंजावरच्या मराठी घराण्यांची दुर्मीळ प्रथा. वडिलांच्या श्राद्धाच्या सकाळी थोरला मुलगा स्वतःच्या हातांनी उंबरठा घासून स्वच्छ करतो.

'आ' म्हणून एक सूर निघाला. कॅमेरे कचाकच वाजले. कुणी तर वाकून तारेच्या ब्रशाचा फोटो घेतला. शेषाद्री वर बघायला तयार नाही. आणि एका गृहस्थाने हळूच टाळ्या वाजवल्या.

आता मात्र बाई उंबऱ्याबाहेर आल्या. एरवी चारचौघांत आवाज न चढवणारी बाई. पण खात्यात कितीतरी वर्षं 'हॅलो हॅलो' केलेला आवाज, तो असा सुटला की समोरच्या कठड्यावरचे कावळे उडाले.

"प्रथा नव्हे गे ती! कसली प्रथा? तुमच्या रंगाची घाण काढतोय माझा लेक! तुम्ही येऊन दार रंगवून जायचं, आम्ही घासायचं, आणि परत तुम्हीच येऊन टाळ्या वाजवायच्या? पोदुम! झालं तेवढं पुरे!"

अर्ध्या लोकांना वाटलं हाही विधीच. पण अदितीला मराठी कळत होती. तिचा चेहरा लालबुंद झाला. ती जवळ येऊन पुटपुटली, "सॉरी काकू. मग... मी यांना काय सांगू?"

"सांग, आज या घरांत श्राद्ध आहे. आणि पुढे चला म्हणावं."

पोरगी वाईट नव्हती. तिने तेवढंच सांगितलं, आणि मंडळी खाली मान घालून पुढे सरकली. राममूर्ती मामा सर्वांत शेवटी गेले, बाईंकडे न बघता. भटजी आले तोवर दार मोकळं झालं होतं. जेवताना ब्राह्मणांना थिनरच्या वासाने ठसका लागत होता, पण खीर त्यांनी तीनदा मागून घेतली.

पारितोषिक पलीकडच्या गल्लीला गेलं. मामांनी बोलणं टाकलं. बाईंनीही टाकलं. समोरासमोर दारं, आणि दोघं दोन दिशांना तोंड करून पेपर वाचायचे. पोंगल झाला, पदयात्रा संपल्या, समिती दुसऱ्या वस्तीचं भलं करायला गेली. कचरा तिथेच राहिला. झावळ्या सुकून टाकीत पडायला लागल्या. पितळी फलकातली दोन अक्षरं कुणीतरी भंगारात घातली.

फक्त अलमेलू मामीने नवऱ्याचं भांडण मानलं नाही. स्वतःच्या दारात तिला पीठ टाकायला जागा नव्हती, सगळी पक्क्या रंगाने अडवलेली. म्हणून ती पहाटे पिठीची वाटी घेऊन गल्ली ओलांडून बाईंच्या दारात यायची. साऱ्या गल्लीत आता एवढीच एक जमीन मोकळी होती. गुडघे कुरकुरायचे, ही 'अय्यो, अय्यो' करत वाकायची आणि तिची ती आदि-अंत नसलेली रेघ काढायची. बाई म्हणत, "मामी, पुरे करा, मामा मला बोल लावतील." मामी म्हणायची, "त्यांना काय कळतंय? त्यांना वाटतं मी दुधाला आले." बाईंचं कोळम गल्लीत उठून दिसायला लागलं, आणि तेही बाईंना थोडं अवघडच वाटे, कारण त्यात त्यांचा हात नव्हता.

एप्रिलात एका सकाळी मामी आली नाही. बाईंनी सडा टाकून वाट बघितली. ऊन पायरीवर आलं तशा वैतागल्या. यायचं नसेल तर माणसाने आदल्या दिवशी सांगावं! त्यांनी स्वतःच पीठ घेतलं, ठिपके मांडले, दोन वाकडे पडले, म्हणून आणखी चिडल्या. समोर बघितलं तर मामीच्या दारातलं कोळम रोजच्यासारखं पांढरंफेक, पाकळी न् पाकळी जागेवर. घर खुशाल दिसत होतं. तीन महिन्यांचा अबोला मोडायचा नाही म्हणून बाईंनी हाक मारली ती मामीलाच, "काय मामी, आज झोप चढली वाटतं? आम्ही इथे वाकडे ठिपके मांडत बसलोय!"

 थोड्या वेळाने दार उघडलं आणि राममूर्ती मामा बाहेर आले. अंगात नुसता बनियन. हातात पाण्याची बादली. त्यांनी बाईंकडे बघितलं नाही. पायरी उतरले, आणि बादली दारातल्या कोळमावर उपडी केली.

पाणी वाहून गटाराला गेलं. कोळम ओलं होऊन आणखीच चमकायला लागलं. मामा आत गेले, दुसरी बादली घेऊन आले, तीही ओतली. मग पायाने घासून बघितलं. मग उकिडवे बसून तळहाताने.

बाईंच्या हातातलं पीठ गळून गेलं. त्यांनी आपलं अर्धं झालेलं कोळम पदराने पुसलं, घरात जाऊन माळ्यावरचा थिनरचा डबा आणि ब्रश काढला, आणि गल्ली ओलांडून मामांच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"सरका, मामा," त्या म्हणाल्या. "पाण्याने नाही जायचं ते."